बारा नंबरची बस अडखळते

अप्पांनी आयुष्यातला पहिला विजेचा खांब पाडला तो एका रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, घरच्या पायजम्यावर, उजव्या हाताशी चहाचा कप असताना. खांब कॉम्प्युटरमधल्या खेळातला होता, बस खेळातली होती, रस्ताही खेळातलाच होता. कपाळावरचा घाम तेवढा खरा होता.

"अहो, काय पडलं?" खोलीच्या दुसऱ्या टोकाला शिवणयंत्रावर बसलेल्या काकूंनी विचारलं.

"काही नाही," अप्पा म्हणाले.

एकतीस वर्षं प्रवासी बस चालवून गाडीला साधा ओरखडाही न येऊ दिलेल्या माणसाला "खांब पडला" हे दोन शब्द तोंडातून काढणं किती जड जातं, हे ज्याने बस चालवली नाही त्याला कळायचं नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात अप्पांचं नाव चुकीचं घेतलं होतं, पण अपघातांचा आकडा बरोबर सांगितला होता. शून्य. अप्पांना तेवढं पुरलं होतं.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर इथेच राहिला. जाण्याआधी तिने त्यात हा बस चालवण्याचा खेळ घालून दिला आणि एका ऑनलाइन डेपोत अप्पांचं नाव नोंदवलं. या डेपोत चाळीसेक हौशी माणसं आपापल्या घरून बस चालवायची. वेळापत्रक होतं, मार्गांना नंबर होते, उशीर झाला तर शेरा बसायचा. अप्पांना वाटलं, आपण पुन्हा माणसांत आलो. रविवारी सकाळी ते बारा नंबर काढायचे आणि लेक पाच मिनिटांनी मागून दुसरी बारा नंबर काढायची. कानाला हेडफोन लावून बापलेक बोलत राहायचे. एरवी फोनवर त्यांचं बोलणं दीड मिनिटात आटपायचं. जेवलीस का, जेवले, आईला दे. बसमध्ये मात्र दोन-दोन तास निघून जायचे, भले त्यातला दीड तास "पुढे रस्ता खोदलाय" आणि "अप्पा, तुमचा इंडिकेटर चालूच राहिलाय" यातच का जाईना.

घोटाळा मोठ्या चौकात व्हायचा. तिथे बाजार, तीन बसथांबे आणि पायी चालणारी शे-दोनशे माणसं. बस चौकात शिरली की चित्र अर्धा सेकंद गोठायचं आणि सुटायचं तेव्हा बस वीस फूट पुढे गेलेली असायची. मधल्या वीस फुटांत काय झालं ते देवाला ठाऊक. त्या रविवारी मधल्या वीस फुटांत खांब होता.

बुधवारी डेपोचा मेमो आला. "आपल्या हातून सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान झाले असून, तीन अपघात झाल्यास आपले नाव चालकांच्या यादीतून का कमी करू नये याबाबत सुनावणी घेण्यात येईल." एकतीस वर्षांत अप्पांना मेमो असा आलाच नव्हता. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवावा म्हटलं, तर तो पडद्यावर होता.

ही बातमी अप्पांनी विश्वासाने एकाच माणसाला सांगितली. वरच्या मजल्यावरचे ओव्हरसियर पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही दुखण्याचं मूळ त्यांना नळात सापडायचं.

"साधी गोष्ट आहे अप्पा," ते पडद्यासमोर वाकून म्हणाले. "वरून माल येतोय भरपूर, पाइप तुमचा अर्ध्या इंचाचा. मग नळ फुरफुरणारच. इंटरनेटचा जोड मोठा घ्या."

लेकीने फोनवर सांगितलं होतं, "अप्पा, काही विकत घेऊ नका. आधी आकडे बघू या, अडतंय कुठे ते कळेल." पण लेकीला काल-परवा सायकल शिकवलेली. तिचं ऐकायचं, आणि ओव्हरसियरांसारख्या अनुभवी माणसाचं डावलायचं? अप्पांनी मोठ्या जोडासाठी अर्ज केला.

नवी तार भिंतीतून आत आणायची म्हणजे भोक पाडायचं, आणि भोक पाडायचं म्हणजे इमारतीच्या सेक्रेटरींचं ना-हरकत पत्र हवं. सेक्रेटरी तत्त्वाचे होते. त्यांनी विचारलं, "भोक आतून बाहेर पाडणार की बाहेरून आत?" अप्पा म्हणाले, काय फरक पडतो? सेक्रेटरी म्हणाले, आतून असेल तर अर्ज खासगी, बाहेरून असेल तर भिंत सगळ्यांची, मग सभा बोलवावी लागेल. अप्पांनी "आतून" लिहिलं. तार लावणारा माणूस आला तो ड्रिल घेऊन सज्ज्यावर उभा राहिला. आत शिवणयंत्रापाशी पडद्यांच्या कापडाचा ढीग होता, तिथे त्याला पाय ठेवायला जागा नव्हती. त्याने बाहेरून भोक पाडलं. सेक्रेटरी जिन्यातून ओरडत वर येईपर्यंत ड्रिल भिंतीतल्या पाण्याच्या नळीत शिरलं होतं.

पाणी अप्पांच्या घरात आलं, आणि वर ओव्हरसियरांच्या न्हाणीघरातून गेलं. ओव्हरसियर अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत खिडकीतून खाली बघत म्हणाले, "कुणी पाइप फोडला?"

"तुम्हीच म्हणालात, पाइप मोठा करा," काकू खालून म्हणाल्या.

चार दिवसांनी नळी सांधली, जोड मोठा झाला, आणि पुढच्या रविवारी अप्पांनी मोठ्या चौकात बसथांब्याचं छप्पर उडवलं. मेमो क्रमांक दोन.

मग अप्पा बाजारात गेले. दुकानातल्या विक्रेत्याने रोगाचं वर्णन निम्मंच ऐकलं. "काका, ग्राफिक्स कार्ड बदला. चित्र काढायचं काम त्याचं. हे मोठं कार्ड टाका, गाडी लोण्यासारखी चालेल." पेटीवर पेटलेल्या डोळ्यांचा एक राक्षस होता. अप्पांना तो आपल्या जुन्या आगारातल्या टाइमकीपरसारखा वाटला आणि का कोण जाणे, भरवसा बसला.

घरी आल्यावर कळलं की कार्ड कॉम्प्युटरच्या डब्यापेक्षा दोन बोटं लांब आहे. अप्पांचा जुना कंडक्टर रोज संध्याकाळी गप्पांना यायचा. त्याला सगळं जग डबलबेल म्हणायचं. त्याने आयुष्यात बसची दोरी ओढली होती, स्क्रू कधी फिरवला नव्हता, पण हौस दांडगी. दोघांनी मिळून डब्याच्या आतली एक पत्र्याची चौकट करवतीने कापली. कार्ड बसलं, पण डब्याचं दार लागेना. उघड्या डब्यातून गरम झळा येऊ लागल्या, तेव्हा अप्पांनी काकूंचा टेबलफॅन उचलून डब्यासमोर लावला.

"आणि मी?" काकूंनी विचारलं.

"तुझ्याकडे खिडकी आहे," अप्पा म्हणाले. पस्तीस वर्षांच्या संसारात इतकं बेजबाबदार वाक्य त्यांनी उच्चारलं नव्हतं. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

नव्या कार्डाने चित्र खरोखर सुंदर दिसू लागलं. झाडाचं पान न् पान दिसे. पूर्वी धक्का बसायचा तेव्हा नुसता धुरळा दिसायचा. आता अप्पांना वर्तमानपत्रांचा ठेला स्वच्छ दिसला, त्यावरच्या बातम्यांचे मथळे दिसले, उडी मारून बाजूला झालेल्या विक्रेत्याच्या मिशीचं टोकदेखील दिसलं. मग ठेला दिसेनासा झाला.

"अप्पा," हेडफोनमध्ये लेक हळूच म्हणाली, "तिसरा."

"मोजलाय मी," अप्पा म्हणाले.

दोघंही गाडी चालवत राहिले. नाव यादीतून गेलं की रविवार गेला. लेक डेपोत राहणार, बारा नंबर राहणार, अप्पा तेवढे खाली उतरणार. पुन्हा जेवलीस का, जेवले, आईला दे. हे दोघांनाही कळत होतं, आणि बोलायची पद्धत दोघांनाही नव्हती.

"आता तरी ऐकाल?" शेवटच्या थांब्यावर ती म्हणाली. "कुणातरी जाणकाराला दाखवा. विकणाऱ्याला नको, दुरुस्त करणाऱ्याला."

कोपऱ्यावर दुरुस्तीचं एक अरुंद दुकान होतं. तिथल्या बाईंनी रेडिओपासून सुरुवात करून टीव्ही, मग कॉम्प्युटर असं काळाबरोबर येत साठी गाठली होती. त्या बॅग घेऊन आल्या तेव्हा खोलीत काकू, डबलबेल आणि पाण्याचा राग विसरलेले ओव्हरसियर असे सगळे हजर होते. बाईंनी आधी करवतीने कापलेल्या पत्र्याकडे पाहिलं. मग अप्पांकडे पाहिलं. मग चष्मा पुसला.

त्यांनी अप्पांना मोठ्या चौकात बस न्यायला लावली आणि पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे आणले.

"तुमची ही बस दोघं मिळून चालवतात," बाई म्हणाल्या. "ग्राफिक्स कार्ड म्हणजे ड्रायव्हर समजा. प्रोसेसर म्हणजे कंडक्टर. चौकातल्या प्रत्येक माणसाने कुठे जायचं, कुठे थांबायचं, याचा हिशेब प्रोसेसर ठेवतो. तो झाल्यावर घंटा देतो, मग ड्रायव्हर चित्र काढतो. आता बघा. ड्रायव्हर काम करतोय तीस टक्के. कंडक्टर, शंभर टक्के."

डबलबेल खुर्चीतून ताडकन उठला. "ऐका! ऐका! एकतीस वर्षं मी हेच ओरडून सांगत होतो! हा नुसता बसून असायचा!"

"मी बसून असायचो?" अप्पांचा आवाज चढला. "गाडी काय ढकलत होतास तू?"

"त्यामुळे," बाई शांतपणे पुढे म्हणाल्या, "सगळा खोळंबा होतो तो कंडक्टरमुळे."

डबलबेल खाली बसला. "अहो, पण दोनशे माणसं आहेत," तो दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "एकटा जीव. काय काय करणार?"

"तेच म्हणते मी. जुना आहे बिचारा. तुम्ही नवा दांडगा ड्रायव्हर आणून बसवलात, त्याने काय होणार? तो घंटेची वाट बघत बसतो. आणि हा कंडक्टर तापलाय किती बघा. तापला की हा मुद्दाम हळू होतो, नाहीतर जळून जाईल."

"हळू होणारच," डबलबेल म्हणाला. प्रोसेसरशी त्याचं नातं जुळलं होतं.

बाईंनी प्रोसेसरवरचा छोटा पंखा उचलला. खाली नमदा होता. दोराच्या, कापसाच्या, कापडाच्या बारीक कणांचा हाताच्या तळव्याएवढा नमदा, थरावर थर, रंगीत. खालचे थर जुने होते, आणि त्यात भर म्हणून टेबलफॅन शिवणयंत्राकडून डब्याकडे वारा घालत होता, हे तेव्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. काकू जवळ आल्या. त्यांनी तो नमदा बोटांनी उकलला.

"हा वरचा निळा, सेक्रेटरींच्या घरचे पडदे," त्या म्हणाल्या. "हा पिवळा, दवाखान्याच्या उशांचे अभ्रे. आणि हा हिरवा..." त्या थांबल्या. "हा लेकीचा झगा. ती जायच्या आधी शिवला होता, तो."

मग काकू म्हणाल्या, "म्हणजे हे सगळं माझ्यामुळे?"

"छे," अप्पा घाईघाईने म्हणाले, "फॅनमुळे."

"फॅन कुणी लावला?"

"तेच म्हणतोय मी." अप्पांनी टेबलफॅन उचलला आणि खोलीच्या त्या टोकाला, काकूंच्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवला. नको तितका वेळ घेऊन त्याची मान काकूंकडे वळवली.

साफसफाई झाली, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लागली, डब्याला काकूंनी जाळीच्या कापडाचं दार शिवून दिलं. ताप उतरला. धक्के निम्म्याने कमी झाले. पण मोठ्या चौकात बस अजूनही एकदा गचकायचीच.

"राहिलेलं म्हातारपणाचं आहे," बाई म्हणाल्या. "प्रोसेसर बदलायचा तर त्याखालचा बोर्ड बदलावा लागेल, बोर्ड बदलला की मेमरी."

"म्हणजे चाकं सोडून सगळी बस," अप्पा म्हणाले आणि काकूंच्या चेहऱ्याकडे न बघताच पुढे म्हणाले, "नको."

"मग खेळात गर्दी कमी करा. दोनशेऐवजी चाळीस माणसं."

पण डेपोच्या मार्गावरची गर्दी डेपोची समिती ठरवायची. चालकाला तिला हात लावायची मुभा नव्हती. अप्पांनाही ते पटत होतं. उद्या जो तो आपल्या सोयीने प्रवासी कमी करू लागला, तर बस कशासाठी चालवायची?

सुनावणी शनिवारी सकाळी अकराला होती. फक्त आवाजाची. तरी अप्पांनी खाकी गणवेश काढला, इस्त्री केला, घातला आणि पोटापाशी बटण लागत नाही म्हणून श्वास धरून खुर्चीत बसले. समोर त्यांनी लिहिलेला अकरा मुद्द्यांचा खुलासा होता. मुद्दा एक ते दहा प्रोसेसरविषयी, मुद्दा अकरा आपल्या निष्कलंक सेवेविषयी. बाजूला डबलबेल, मागे काकू, दारात ओव्हरसियर, आणि इमारतीचा काही संबंध येतो का हे बघायला सेक्रेटरी.

समितीचे अध्यक्ष पेशाने दंतवैद्य होते. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात त्यांनी सुनावणी ठेवली होती. "जास्त वेळ नाही," ते म्हणाले. "एक पेशंट तोंड उघडून बसलाय. एवढंच सांगा, तीन अपघात झाले. चूक कुणाची?"

अप्पांनी कागद उचलला. मुद्दा एक. प्रोसेसरची क्षमता.

आणि त्यांना आगारातली खिडकी आठवली. सुट्ट्या पैशांवरून डबलबेल प्रवाशाशी हुज्जत घालत बसला की गाडी उशिरा पोचायची. खिडकीमागचा साहेब विचारायचा, उशीर कुणामुळे? डबलबेल मागे मान खाली घालून उभा असायचा. दर वेळी अप्पा एकच उत्तर द्यायचे. ते उत्तर आता त्यांच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं.

"गाडी माझ्या हातात होती साहेब."

"अरे, प्रोसेसर सांग, प्रोसेसर!" डबलबेल कुजबुजला. मग त्याला काय आठवलं कोण जाणे, तो खिडकीबाहेर बघू लागला.

लांबून कुणाच्या तरी दाढेवरचं यंत्र घरघरत होतं. "हे असं कुणी म्हणत नाही हो," अध्यक्ष म्हणाले. "सगळे इंटरनेटला शिव्या देतात." समितीने दोन मिनिटं आपसात विचार केला. नाव कमी होणार नव्हतं. शिक्षा म्हणून एक महिना एकेचाळीस नंबर.

एकेचाळीस नंबर म्हणजे शिक्षेचाच मार्ग. डोंगराकडेने जाणारा एकेरी रस्ता, अकरा थांबे, दिवसाकाठी सहा प्रवासी, त्यातला एक झोपलेला. तिथे जायला कुणी तयार नसे. अप्पांनी रविवारी गणवेश न घालता, पण मान खाली घालून गाडी काढली.

गाडी अशी निघाली, जशी ती कॉम्प्युटरात कधी निघालीच नव्हती. धक्का नाही, गचका नाही. मोजायला सहाच माणसं, जुना प्रोसेसर आरामात घंटा देत होता. वळणावर दरी दिसली, दरीत ढग दिसला, आणि ते महागडं कार्ड पहिल्यांदा आपल्या मोलाचं काम करू लागलं. थोड्या वेळाने मागे दुसरी एकेचाळीस नंबर दिसली.

"तू इथे कशी?" अप्पांनी विचारलं.

"बदली मागितली," लेक म्हणाली. "अर्ज मिनिटात मंजूर झाला. त्यांना वाटलं मला वेड लागलंय."

शेवटच्या थांब्यावर वेळापत्रकाप्रमाणे बारा मिनिटं थांबायचं असतं. दोन बस एका झाडाखाली शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. इंजिनं बंद. खोदलेला रस्ता नव्हता, सिग्नल नव्हता, इंडिकेटर नव्हता. बोलायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून लेक बोलली. ऑफिसात दुपारी ती एकटीच जेवते. सहा महिने झाले. तसं काही वाईट नाही, पण जेवतानाच बरं नाही वाटत. आईला सांगू नका.

इंजिनं बंद असल्याने हेडफोनमधला आवाज खोलीतही झिरपत होता, आणि काकूंचं शिवणयंत्र मागे थांबलं होतं, हे अप्पांच्या लक्षात आलं. ते घड्याळ बघून म्हणाले, "बारा मिनिटं झाली. पण थांबू अजून. आपल्यासाठी पुढे कुणी खोळंबलेलं नाही."

त्या दिवशी एकेचाळीस नंबर चाळीस मिनिटं उशिरा सुटली. पुढच्या रविवारी लेकीने सांगितलं की हिशेब विभागातली एक बाई तिच्या टेबलावर येऊन बसली. त्याच्या पुढच्या रविवारी त्या बाईच्या डब्यात काय होतं तेही सांगितलं. काकूही आता खुर्ची ओढून दुसरा हेडफोन कानाला लावून बसू लागल्या.

महिना संपत आला. समितीचं पत्र आलं. शिक्षा पूर्ण, आपण बारा नंबरवर परत रुजू व्हावे. अप्पांनी तातडीने अर्ज केला. विषय: शिक्षेस मुदतवाढ मिळणेबाबत.

अध्यक्षांनी स्वतः फोन केला. "अप्पा, नियमात असं कलमच नाही. तुमची लेक परत येतेय म्हणे बारावर, तुम्हीही या. शिक्षा हवी तर गुन्हा लागतो."

अप्पांनी दोन दिवस विचार केला. एकतीस वर्षं आणि वर काही महिन्यांची सवय अशी सहज मोडत नाही. शनिवारी सकाळी त्यांनी बारा नंबर बाहेर काढली. चौक टाळून लांबच्या एका निर्मनुष्य सिग्नलपाशी आणली. सिग्नल लाल होता. त्यांनी गाडी रेषेच्या आत थांबवली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आरशात पाहिलं, दोनदा हॉर्न दिला, इंडिकेटर लावला. मग डोळे मिटून माणसाच्या चालीने सिग्नल तोडला.

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं. "एवढा घाम?"

"काही नाही," अप्पा म्हणाले.

मेमो संध्याकाळच्या आत आला: सिग्नल तोडल्याबद्दल शिक्षा, एक महिना एकेचाळीस नंबर. अप्पांनी तो दोनदा वाचला आणि लेकीला फोन लावला.

"मिळाली गं, आणखी एक महिना मिळाली!"